पायताणांची मोजणी

आक्का दारात आल्या की आधी खाली बघायच्या. माणसाकडं नाही, उंबऱ्याबाहेर काढलेल्या चपलांकडं. उजव्या हाताचं बोट हलवत एकेक जोड मोजायच्या आणि मगच वर बघून विचारायच्या, "जेवलास का रं?"

निघोज्यात, कंपनीच्या कंपाउंडमागं, त्यांच्या पत्र्याच्या दहा खोल्या, आणि त्याच ओळीत त्यांचं स्वतःचं घर. भाडं खोलीवर नाही, डोक्यावर. चाकणच्या बाजूला नोकरीला आला असाल तर ही पद्धत तुम्ही भोगली असेलच. पत्रा तोच, नळ तोच, संडास तोच, पण माणूस वाढला की भाडं वाढलं. आणि डोकी मोजायचा आक्कांचा कायदा साधा होता. "डोकं आत लपतं. पायताण भाईरच ऱ्हातं."

आम्ही जालन्याकडचे सहा जण. सांगितले होते चार. तीन शिफ्टमुळं सगळे एका वेळी घरात कधी नसायचेच, म्हणून खपून जाईल असं वाटलं. दोन जोड पोत्यात घालून आत ठेवायचो. एका दुपारी पाचवा जोड बाहेर राहिला.

"ह्यो कुनाचा?"

"पाहुणा आलाय, आक्का."

"पाव्हना सेफ्टी शूज घालून आला व्हय? तुमच्या जेवनाची लई धास्ती दिसतीया त्याला."

मग त्यांनी आतलं पोतंही उपसायला लावलं. त्या महिन्यापासून आम्ही सहा जणांचं भाडं भरायला लागलो आणि मी पेटलो. कंत्राटी पगारातला निम्मा पगार खोली आणि मेस खाणार, मग घरी काय पाठवायचं? मी तेव्हा पत्रकं काढायला नुकतीच सुरुवात केली होती. मथळा दिला, 'डोक्यावरचं भाडं बंद करा! आम्ही माणसं आहोत, गुरं नाही!!!' पहिली प्रत थेट आक्कांच्या हातात दिली. पायरीवर बसून, अक्षरांवर बोट ठेवत त्यांनी सगळं वाचलं. मला वाटलं, आता भडकतील.

"पानी दिसाआड येतं आसं लिवलंस. टँकर कोन मागवतं त्ये न्हाई लिवलं."

"तो मुद्दा वेगळा आहे."

"आन् गुरांचं काय ह्ये? गुरांचं भाडं आमी कधी घेतलं न्हाई, राव."

नंतर ते पत्रक मला त्यांच्या मिसरीच्या डबीखाली अंथरलेलं दिसलं.

एक गोष्ट मात्र पत्रकात नव्हती, ती इथं लिहितो. शेजारच्या खोलीत शबानाभाभी राहायच्या. नवरा नाक्यावरच्या गॅरेजात मेकॅनिक. उदगीरहून आले तेव्हा तीन ठिकाणी नाव सांगताच खोली 'आत्ताच गेली' होती. आक्कांनी नाव विचारलंच नाही. "किती जन?" एवढंच. दोघं, आणि कडेवर तान्ही झोया. आक्कांनी तिचे पाय बघितले. "हिला पायताण न्हाई. हिचं भाडं न्हाई."

भाभींनी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. झोया चालायला लागली, पळायला लागली, तरी तिला चप्पल येईना. गॅरेजातलं काम कमी झालं होतं. आणखी एका डोक्याचं भाडं म्हणजे बाडबिस्तरा उचलून परत उदगीर. अंगणातला कोबा उन्हानं तापला की सगळी चाळ त्या पोरीला आळीपाळीनं उचलून फिरवायची. फर्स्ट शिफ्ट करून आलेला मीसुद्धा.

एकदा ती माझ्या हातातून सुटली आणि तापल्या कोब्यावर एकेक पाय उचलत नाचायला लागली. आक्का बघत होत्या.

"अगं शबाना, हिला पायताण का न्हाई?"

भाभींच्या आधी मीच बोललो, भाषणाच्या आवाजात. "तुमच्या कायद्यामुळं! चप्पल आली की डोकं वाढतं ना?"

आक्कांनी पोरीला उचललं, पदरानं तिचे तळवे पुसले, तिला भाभींकडं दिलं आणि निघून गेल्या.

शनिवारी चाकणच्या बाजारातून पिशवी घेऊन आल्या. आत लाल सँडल, पाऊल टाकलं की पीं पीं वाजणारी. भाभींचा चेहराच उतरला. "आक्का, नको..."

"तुज्या दारात काढली तर मोजीन," आक्का म्हणाल्या. "माज्या दारात काढायची. माज्या घरात कितीबी डोकी आसूंत."

तेव्हापासून झोया कडेवरून आक्कांच्या दारापर्यंत जायची, तिथं सँडल चढवायची, अंगणभर पीं पीं करत हुंदडायची आणि आक्कांच्याच दारात काढून पुन्हा कडेवरून घरी. मी म्हणालो, "त्यापेक्षा कायदाच मोडा की."

"कायदा मोडला तर तू त्या खोलीत धा जन कोंबशील, पाव्हन्या."

मला ते तेव्हा पटलं नाही. आजही पटत नाही. डोक्यावर भाडं घेणं चूकच आहे.

गेल्या हिवाळ्यात आक्का गेल्या. तेराव्यानंतर त्यांचा मुलगा भाडं घ्यायला आला. तो भोसरीला फ्लॅटमध्ये राहतो. तोही खाली बघतच आला. तेच बोट, तशीच मोजणी. आक्कांच्या कुलूप लावलेल्या दारापाशी तो थांबला.

"ही कुणाची?"

शबानाभाभींनी झोयाला कडेवर आवळून धरलं. मी तोंड उघडलं. सगळं भाषण तयार होतं, उद्गारचिन्हांसकट.

"आक्कांची," मी म्हणालो.

तो त्या वीतभर सँडलपाशी वाकला. एक पाय उलटा पडला होता, तो त्यानं सरळ करून ठेवला. मग बोट पुढच्या दाराकडं वळवलं.