ही बाई जेवत का नाही?

आमच्या सरांचा एक नियम होता. डिप्लोमा फिल्म जमा करण्याआधी ती सिनेमाशी काडीचाही संबंध नसलेल्या लोकांना दाखवायची. दिग्दर्शकाने मागच्या रांगेत बसायचं आणि कोणी काहीही बोललं तरी खुलासा करायचा नाही. "थिएटरच्या दारात उभी राहून एकेकाला समजावणार आहेस का?" असं ते विचारत. माझ्यासारख्या तोंडाळ मुलीला ही शिक्षाच होती.

त्यात माझी फिल्म घरीही परीक्षेला बसली होती. दादा नुकताच हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता आणि माझ्यासाठी त्याने टेस्टिंगच्या क्लासची चौकशी करून ठेवली होती. बाबा म्हणाले, "ही फिल्म होऊ दे, बघू काय दिवे लावतेस ते. नाहीतर मुकाट्याने क्लासला जायचं." बाबा एकदा बोलले की ते ठरलं. मला तो क्लास नको होता, अजिबात नको होता.

फिल्ममध्ये आमची आईच होती. अमेरिकेच्या वेळेवर रात्रभर काम करणारा मुलगा दुपारी जेवायला घरी येणार असतो आणि येत नाही. आई आमटी गरम करते, ती निवते, पुन्हा गरम करते. शेवटी ताट झाकून ती उपाशीच खिडकीत बसते. तिच्या चेहऱ्यावर मी कॅमेरा बराच वेळ ठेवला होता, आणि त्या शॉटवर माझा फार जीव होता.

विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी पडदे लावून फिल्म दाखवली. आई-बाबा पहिल्या रांगेत. तो खिडकीतला शॉट आला आणि तळमजल्यावरचे काका म्हणाले, "अडकलं वाटतं."

दिवे लागल्यावर समोरच्या काकूंनी सरळ विचारलं, "अहो, पण ही बाई जेवत का नाही? तो मेला येईल तेव्हा येईल."

"पित्त होणार हिला," दुसरं कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. आईसुद्धा हसली, तेही मनापासून. बाबा चपला घालून निघून गेले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरी येऊन मी आईवरच घसरले. या लोकांना भावना नाहीत, वाट बघणं म्हणजे काय हे त्यांना कळतच नाही, वगैरे. आई मेथी निवडत होती.

"खरं सांगू? मलाही नाही कळलं, मी का थांबले ते."

"म्हणजे काय? तू थांबतेसच ना रोज?"

"कोणासाठी? तुम्ही सगळे डबे घेऊन जाता. तू थांब म्हणालीस म्हणून थांबले. शूटिंगच्या दिवशी भुकेने जीव गेला माझा."

आपली आई दुपारी काय करते ते मी कधी पाहिलंच नव्हतं. थांबते, हे मी धरून चालले होते. सगळ्या आया थांबतात, असं कुठेतरी डोक्यात बसलेलं. जमा करायला थोडेच दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी कॉलेजला दांडी मारली आणि कॅमेरा घेऊन घरीच बसले.

बाबांच्या पित्तामुळे आमच्याकडे सगळं बेताच्या तिखटाचं. पण दादा-बाबा गेल्यावर आई स्वतःसाठी माहेरचा, अकोल्याकडचा ठेचा कुटत होती, वर कच्चं तेल, सोबत गरम ज्वारीची भाकरी. पाय पसरून, पेपर समोर धरून, नाक ओढत ती जेवली. मध्येच कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "तू पण घे की गं." मी ते फिल्ममध्ये ठेवलं. खिडकीतला लाडका शॉट कापताना रडू आलं, पण कापला.

कॉलेजात फिल्म दाखवली त्या दिवशी हॉलमध्ये लोक पुन्हा हसले, आईच्या जेवणावर. या वेळी मला राग आला नाही. आई-बाबाही आले होते; बाबा मात्र हसत नव्हते. घरी परतताना रिक्षात ते आईला म्हणाले, "हे रोज करतेस?"

"लग्न करून पुण्यात आल्यापासून."

"मला कधी बोलली नाहीस."

"अहो, तुम्ही दुपारी घरी असता का कधी?"

क्लासचं विचारायला माझी जीभ उचलेना. रिक्षा सोसायटीच्या गेटपाशी आली तेव्हा बाबा माझ्याकडे वळले.

"पुढच्या वेळी तिला पोटभर जेवू दे," ते म्हणाले. "फार लवकर कापलंस."