गफूरमामूंची मैदानं

शुक्रवारी पहाटे गफूरमामू आमच्या दारात येऊन बेल वाजवायचे नाहीत, नुसते खाकरायचे. शेजारच्या फ्लॅटमध्ये रात्रपाळीहून आलेली माणसं झोपलेली असायची, म्हणून. मग आमचे हे सोफ्यामागची काथ्याची मॅट ओढून काढायचे आणि दोघं ती खांद्यावर घेऊन जिना उतरायचे. ती मॅट म्हणजे त्यांच्या क्रिकेट टीमची खेळपट्टी.

मामू माझ्या आईच्या गावचे. इथे आखातात एका बकाल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानात, गाडीवरून घरपोच सामान द्यायचे. टीम त्यांनीच उभी केली. गावाकडच्या आमच्या खाडीच्या दोन्ही काठांवरची माणसं तिच्यात होती. मोठ्या स्पर्धेत तिला कोणी घेत नसे, आणि लहान स्पर्धेतही कप कधी आला नाही.

पहिलं मैदान बनेद अल-गारला, पाडलेल्या इमारतीच्या जागेवर. गावी समुद्र पश्चिमेला असतो. किनाऱ्याच्या रेषेत खेळपट्टी घातली की सकाळचं ऊन बाजूने येतं. मामूंनी इथेही समुद्र बघितला आणि त्याच्या रेषेत मॅट ठोकली. पण तिथे समुद्र उत्तरेला, म्हणून मॅट पूर्व-पश्चिम पडली. पहिल्या सामन्यात ऊन थेट डोळ्यांत आलं आणि आमची माणसं एकामागून एक बाद झाली. समोरच्या टीममधल्या पुण्याच्या इंजिनिअरने विचारलं, "चाचा, तुमच्याकडे सूर्य कुठून उगवतो?"

मामू म्हणाले, "सूर्य बरोबर हाय. हितला दर्याच चुकलाय."

ही गोष्ट ते स्वतःच सांगायचे आणि सगळ्यांत जास्त हसायचे.

त्या जागेवर पुढे इमारत झाली. मग सबाह अल-सालेमला रेतीत खेळले, तिथून रस्ता गेला. मग एगैला. दर वेळी पोरं चिडायची, आणि मामू मॅट गुंडाळता गुंडाळता म्हणायचे, "मैदान काय आपल्या बापाचं हाय? खेळाया दिलानी, खेळलाव."

टीम हरायची त्याला मामूंची एक रीतही कारण होती. सगळ्यांत चांगला खेळणारा फलंदाजीला पहिला जात नसे. "ज्याला हप्ताभर कोणी विचारलान नाय, त्याला पयला पाठवा," असं त्यांचं म्हणणं. ह्यांची कंपनी बंद पडली तेव्हा हे घरात भिंतीकडे तोंड करून पडून असत. त्या शुक्रवारी मामूंनी ह्यांनाच पहिलं पाठवलं. एकही धाव न काढता हे परत आले. पण घरी येऊन पोटभर जेवले, आणि झेल कसा उडाला ते मला हातवारे करून सांगत बसले.

गेल्या वर्षी एगैलाच्या मैदानालाही कुंपण पडलं. त्याच सुमारास दुकानाच्या मालकाने वयाचं कारण सांगून मामूंचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पुढे वाढवला नाही. त्यांना कायमचं गावी जायचं होतं. चांगली खेळणारी दोन-तीन पोरं तोवर दुसऱ्या टीमकडे गेली होती. मामूंना काळजी एकच, मैदान नसेल तर आपल्या मागे टीम फुटणार. सामान पोचवताना ते प्रत्येक मोकळी जागा बघत फिरले. शेवटी एक माळ सापडला. जागेच्या मालकाला भेटून, विनवून त्यांनी परवानगी काढली. पण माळ सगळा दगडगोट्यांनी भरलेला.

जाण्याआधीच्या शेवटच्या शुक्रवारी सामना नव्हताच. मामूंनी सगळ्यांना दगड वेचायला बोलावलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा मैदानावर गेले, थर्मासमध्ये चहा घेऊन. दुसऱ्या टीमकडे गेलेली पोरंही आलेली दिसली. मामू कमरेवर हात ठेवून सरळ होत होते आणि पुन्हा वाकत होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मामू, तुम्ही बसा की आता. तुम्हाला कुठे इथे खेळायचंय?"

"म्हणून तर," ते म्हणाले. "खेळणाऱ्याला घाई असते गो. तो दगड तसाच ठेवून खेळतो."

एवढं बोलून त्यांनी सरकून शेजारी जागा केली. सगळे पुरुषच होते. मी थर्मास खाली ठेवला, ओढणी खोचली आणि त्यांच्या रांगेत वाकले.