दुसरी डिस्क तिसगावला

जामखेडच्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात एकदा खर्ड्याच्या एक बाई आल्या. घरच्या कॉम्प्युटरमधले फोटो जपायला त्यांना हार्ड डिस्क हवी होती. मी मोठी दाखवली. त्यांनी ती तळहातावर तोलली आणि परत केली.

"बारक्या दोन द्या. बियाणं कधी एकाच घरात ठेवत्यात व्हय? एक तिसगावला लेकीकडं ऱ्हाईल."

मी हसलो.

उन्हाळ्यात व्होल्टेज वाढून त्यांचा कॉम्प्युटर जळला आणि त्याला जोडलेली डिस्कही गेली. बाई मात्र ताठ मानेनं दुकानात आल्या. खणात बांधून आणलेली तिसगावची डिस्क त्यांनी काउंटरवर ठेवली. मी ती लावली आणि स्क्रीनवर लेकीचं लग्न उघडलं. बाईंनी कुस्ती मारल्यासारखा पदर खोचला.

"आता अजून एक द्या," त्या म्हणाल्या. "घर बियाण्याबिगर ठेवू न्हाई."