आप्पांचा पाय, मारुतीअण्णांची कीर्ती

मारुतीअण्णा गेले ते मला शाळेच्या स्टाफरूममध्ये कळलं. शेजारच्या बाईंनी मोबाईल पुढे केला. अण्णांचा हसरा फोटो आणि खाली त्यांचं ते गाजलेलं वाक्य, 'चल रं माझ्या राजा'. सगळ्या हळहळल्या. लंगडा पाय ओढताना त्या पायालाच लाडीगोडी लावणारा त्यांचा सिनेमातला विनोदी म्हातारा कोणाला ठाऊक नाही? मी म्हटलं, "ते वाक्य माझ्या वडिलांचं." कोणी ऐकलंच नाही...

अण्णांच्या कारकिर्दीवर गेल्या काही आठवड्यांत भरभरून छापून आलं, पण ही गोष्ट कुठेच नाही, म्हणून लिहिते. अण्णा आमच्या खानापूरकडच्या गावचे, माझ्या वडिलांचे, म्हणजे आप्पांचे, लांबचे भाऊ. सिनेमात जाण्याआधी ते आमच्याच घरी राहून आप्पांबरोबर बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, कामाला जायचे. तिथेच साचा पडून आप्पांचा उजवा पाय चेचला. पुढे उंबरा आला की आप्पा थांबायचे, गुडघ्यावर हात ठेवायचे, पायाला म्हणायचे, "चल रं माझ्या राजा," आणि पाय बाहेरून फेकत आत यायचे. आम्हा पोरांना वाईट वाटू नये म्हणून त्यांनी काढलेली ती युक्ती होती. अण्णा कट्ट्यावर बसून बघत असायचे. आम्हाला वाटायचं, काळजीनं बघतात.

अण्णांचा तो सिनेमा लागला तेव्हा अख्खं गाव टेम्पोनं बेळगावला गेलं. पडद्यावर अण्णा उंबऱ्याशी थांबले, गुडघ्यावर हात ठेवला... आणि थेटरभर हशा उसळला. गावची माणसं तर वळून वळून आप्पांकडे बघत हसत होती. आप्पाही हसले. पण त्या दिवसापासून ते पायाशी बोलायचे बंद झाले. गावच्या यात्रेला अण्णा पेढे घेऊन आले, तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले, "लई ब्येस केलास. इचारायचं तरी हुतंस, रं." अण्णांनी ते हसण्यावारी नेलं.

तेही आम्ही गिळलं असतं. पण पुढे टीव्हीवरच्या मुलाखतीत कोणीतरी विचारलं, हे चालणं कुठून सुचलं? अण्णा म्हणाले, "बेळगाव स्टेशनवर एक भिकारी बघितला होता." आप्पा जेवत होते. हातातला घास तसाच राहिला. "भिकारी व्हय गं मी?" त्यांनी मला विचारलं. ज्यांच्या ताटातली भाकरी मोडून खाल्ली, त्यांना हे नाव! आप्पा वारले, तरी अण्णांनी तो शब्द मागे घेतला नाही. मला त्यांचा राग येतो, आणि गेलेल्या माणसाचा राग धरू नये असं सांगणाऱ्यांचाही येतो.

परवा त्यांचाच तो सिनेमा टीव्हीवर लागला. मी बंद करायला उठले, तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं." घरात आप्पांचा एकच फोटो, लग्नातला, खुर्चीवर बसलेला. चालताना ते कुठेच नाहीत. आईला आता कमी दिसतं, ती टीव्हीला नाक लावून बसली. उंबऱ्याचा प्रसंग आला तशी म्हणाली, "आवाज बंद कर त्येचा. पाय तेवढा बघू दे."