मोहोरावर घेतलेला गेम

माझ्या साडूचं नाव एका गेमच्या शेवटी येतं. गेम अर्धवट असतानाच ज्यांनी पैसे भरून बनवणाऱ्यांना हात दिला, त्यांची नावं काळ्या पडद्यावर वर सरकत जातात, आणि त्यात हा! पालघरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माझ्या मुलीने ते नाव वाचलं आणि "मावसा, तुमचं नाव!" म्हणून उड्या मारल्या, तेव्हा मी शेजारीच पोहे खात बसलो होतो. मी बशी बाजूला सारली.

जळलो मी. का खोटं बोलू? त्याने घेतला तेव्हा त्या गेममध्ये एक बोट आणि निळं पाणी, एवढंच होतं. आम्ही सगळे हसलो होतो. पुढे तो पूर्ण झाला, गाजला, आणि हा शहाणा ठरला. सासूबाई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्या धाकट्या जावयाला आधीच समजतं." थोरल्याला काय समजतं, ते कुणी विचारलं नाही.

तेही चाललं असतं. पण माझी सातवीतली पोर दर रविवारी चिंचणीहून एसटी पकडून मावशीकडे पळायला लागली. मी आठवडाभर बोईसरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो, कामगारांशी हिंदीत घसा कोरडा करतो. घरचा म्हणावा असा एकच दिवस, आणि तो त्याच्या दुकानावरच्या खोलीत जाणार! मला माझा रविवार परत हवा होता. बस्स.

म्हणून मीही एक अर्धवट गेम शोधला. बेटावर वाडी लावायची. झाडं लावा, पाटाने पाणी सोडा, फळं उतरवा. परदेशातली तीन पोरं मिळून बनवत होती. आणि खाली लिहिलं होतं, दोघांनी मिळून खेळण्याची सोय लवकरच. दोघांनी! मी लगेच पैसे भरले. शेवटी नाव यावं म्हणून वेगळी जास्तीची रक्कम होती, तीही भरली. साडूचं एकट्याचं नाव, माझं मी मुलीच्या नावासोबत दिलं.

पोर खरंच घरी राहिली. ती खेळायची, मी खुर्ची ओढून बाजूला. "बाबा, इथे नारळ लावू?" "अगं, पाण्याच्या इतक्या जवळ नको." फार मजा यायची. पण दुसऱ्या खेळाडूची सोय काही येईना. दर वेळी नवी टोपी, नवं कुंपण, नवी मांजर. मांजर काय करायचीय?

साडूला हे कळलं आणि तो सुटलाच. "दादा, तुमी वाचलं नाय काय खरेदीच्या पानावर? आज हाय तेवढं आवडलं तरच घ्या, पुरा होईलच असं नाय, असं स्पष्ट लिवलेलं असतं."

"पैसे घेतलेत त्यांनी," मी म्हणालो. "विसार घेतला की माल द्यावा लागतो."

आमच्याकडे हे असंच आहे. विसार घेऊन मागे फिरलेला माणूस बाजारात तोंड दाखवू शकत नाही. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नव्हतं.

साडू हसला. "विसार नाय दिला तुमी. मोहोर घेतलात. तुमच्या वाडीतले आंबे मोहोरावर घेणारा व्यापारी मोहोर गळल्यावर पैसे परत मागतो काय?"

नाही मागत. आमच्या घरच्या वाडीतले आंबे दरवर्षी असेच, फळ धरायच्या आधी विकले जातात. मलाच माहीत असायला हवं होतं, आणि सांगितलं कुणी, तर ह्याने! आठवडाभर कुणी त्याचं नाव काढलं तरी मी भडकत होतो. पण गेम सोडला नाही. रविवार माझ्याकडे होता ना.

परवा सासुरवाडीला सगळे जमलो होतो. जेवण झाल्यावर मी मुद्दाम सगळ्यांसमोर म्हटलं, "आता दोघांचा खेळ येतोय हं आमचा. बघाच." साडू आता टोला हाणणार म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं.

तो खाली बघत म्हणाला, "येल की दादा."

एवढंच. टिंगल नाही, हसणं नाही. त्याला ओट्यावर गाठलं. "काय झालंय? खरं सांग."

त्याने आधी आत डोकावून बघितलं. मग म्हणाला, "बंद केला त्यांनी. पैसे संपले. तशी सूचना टाकलीय पानावर, इंग्रजीत."

"कधी?"

"गणपतीच्या आधी. तुमच्या पोरीने वाचली तवाच. गणपतीत मला बोलली, आता बाबांना कसं सांगू? मग बोलली, नकोच सांगायला. तुमी पन सांगू नका, मावसा."

आत ती मावशीला बोटाने हवेत काहीतरी काढून दाखवत होती, बहुतेक आमचा पाट. गणपतीपासून दर रविवारी ती माझ्याजवळ बसत होती, "येईल हो बाबा" म्हणत होती, आणि ते येणार नाही हे तिला ठाऊक होतं. त्या तीन पोरांचा मला राग आला नाही. गेमचंही काही वाटलं नाही. पण मनातलं बोलायला तिला माणूस लागला, आणि ती त्याच्याकडे गेली. रविवार तेवढे मला दिले.