चार पॅनेल आणि बदलीचा दिवस

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. पडघ्याच्या शाळेत शिकलो. फीपासून पुस्तकांपर्यंत वस्तीतल्या मोठ्यांनी सांभाळून घेतलं, ते मी विसरलेलो नाही. आता भिवंडीतल्या एका लहान कंपनीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, पॅनेलचं सॉफ्टवेअर लिहितो. नव्या लूमच्या कडेला हे पॅनेल असतं. लूम चालवायचा कसा, धागा तुटला की थांबवायचा कसा, हे तेच ठरवतं. अशी पॅनेलं बनवणाऱ्या आम्ही चार कंपन्या, आणि चौघांची ऑपरेटिंग सिस्टिम चार तऱ्हेची. एकाचं पॅनेल बिघडलं तर दुसऱ्याचं लावता येत नाही. लूम उभाच राहतो.

एक कारखानदार शेठ याला कंटाळले होते. त्यांनी आम्हा चौघांना बोलावून घेतलं. सगळ्यांची मिळून एकच सिस्टिम करायची, तर सुरुवात कुठून करणार ते आज संध्याकाळपर्यंत सांगा, चाचणीला लूम माझे; नाहीतर बाहेरच्या मोठ्या कंपनीची पॅनेलं घेतो, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ते तिकडे गेले असते तर बाकीचे कारखानदारही गेले असते आणि आम्हा चौघांचं काम संपलं असतं.

कारखान्याच्या वरच्या खोलीत बसलो. विषय आधी कळला होता, म्हणून प्रत्येकानं सामाईक सिस्टिमचा मसुदा करूनच आणला होता. वाचायला लागलो आणि लक्षात आलं, प्रत्येकाचा सामाईक मसुदा म्हणजे त्याचीच सिस्टिम, फक्त कंपनीचं नाव काढलेलं. माझाही तसाच. आमच्यातल्या वयानं मोठ्या इंजिनिअरना आम्ही काका म्हणतो. त्यांनी माझे कागद चाळले आणि विचारलं, "यात आमचं काय आहे रे? कडेचा कोरा समास?"

जेवणाची वेळ वादातच गेली. मग आमच्यातली एकमेव इंजिनिअर बाई बोलली. तिच्या घरात पिढ्यानपिढ्या लूमवर काम. भिवंडीत कारागीर गावी जाताना लूम मोकळा सोडत नाही, आपल्या जागी बदली लावून जातो. त्या बदलीला अनोळखी लूम लगेच चालवावा लागतो. ती म्हणाली, "मसुदे ठेवा बाजूला. आज आपणच बदली. ज्यानं त्यानं दुसऱ्याच्या पॅनेलवर बसायचं. और जिसका पॅनेल है, वो चूप बैठेगा."

खाली चौघांची पॅनेलं चार लूमवर बसवलेलीच होती. मी काकांच्या पॅनेलवर गेलो. धागा तुटला, लाल दिवा लागला, लूम थांबला. तुटला कुठं ते काही कळेना. शोधून जोडला, तर लूम पुन्हा सुरू होईना. काका तोंडावर हात ठेवून उभे. मग वीज गेल्यावर काय होतं ते पाहायला आम्ही ठरवून मेन स्विच पाडला. वीज परत आली तेव्हा माझं पॅनेल सगळं विसरून बसलं होतं. त्यावर चौथ्या कंपनीचा, खारबावचा इंजिनिअर होता. मला म्हणाला, "दादा, लाईट गेली का तुमचं पॅनेल वलखच दाखवत न्हाय." उत्तर ओठांवर आलं होतं, पण नियम होता.

बदली जिथं अडला ते लिहीत गेलो. सगळे त्याच जागी अडले होते: सुरू करणं, थांबवणं, का थांबला ते कळणं, वीज परतल्यावर पुढं जाणं. मग पहिल्या टप्प्यात एवढंच करायचं ठरलं. पडद्याचा रंग, बटणांची मांडणी, डिझाइन साठवायची पद्धत, यावर सध्या भांडायचं नाही.

संध्याकाळी शेठ वर आले. कोणाची सिस्टिम घेतली, असं विचारलं.

"कोणाचीच नाही," ती म्हणाली.

त्यांनी आमची यादी लिहिलेला कागद वाचला. किती दिवस लागतील यावर काकांनी खरं ते सांगितलं की आत्ता सांगता येणार नाही. शेठनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "शुक्रवारी कारखाना बंद असतो. त्या दिवशी सगळे लूम तुमचे."

जिना उतरताना काकांनी सगळ्यांना शुक्रवारी त्यांच्या घरी जेवायला बोलावलं. इतकी वर्षं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवत होतो, पण काका राहतात कुठं ते मला त्या दिवशी विचारून घ्यावं लागलं.