जगदेवीअक्कांची चिनी कवायत

आमच्या जाऊबाईंना "दमलात का?" असं विचारायची सोय नाही. "दमायला मी काय किल्ला चढून आलेय?" असं म्हणतात आणि भिंतीला धरून उठतात. मी पस्तीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली आहेत. कोणत्या दिवशी त्या भिंतीला धरतात आणि कोणत्या दिवशी भिंत त्यांना धरते, एवढं मला कळतं.

त्यांचं नाव जगदेवी. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, मीही अक्काच म्हणते. भाऊजी जाऊन अकरा वर्षं झाली, मुलगा पुण्याला असतो. धारूरच्या बाजारात आमचं किराणा दुकान आहे. गल्ल्यावर माझे यजमान महारुद्र बसतात, पण गिऱ्हाईक टिकवलं ते अक्कांच्या हातानं. कागदाची पुडी बांधावी तर त्यांनीच. एका हातानं कागद वळवायचा, दुसऱ्या हातानं दोरा फिरवायचा आणि असा झटका द्यायचा की दोरा तुटावा पण कागद सुटू नये. आता सगळं पिशवीबंद येतं, तरी जुनी माणसं हळद मागताना म्हणायची, "अक्काच्या हातची पुडी द्या."

दोन वर्षांपूर्वी त्याच पुडीतून हळद सांडायला लागली. डावा हात हलत होता. लातूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. कंपवात आहे म्हणाले, दिवसातून तीन वेळा गोळ्या दिल्या. हा आजार जात नसतो, आवरून धरायचा असतो, हेही सांगितलं. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. येताना एसटीत मात्र सगळ्या रस्त्यानं डावा हात उजव्या हाताखाली दाबून बसल्या होत्या.

हात हलतो म्हणून माणूस मरत नाही. पण अक्कांचं सगळं त्या हातावर होतं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आम्ही लिंगायत. मूल जन्मलं की थोड्याच दिवसांत स्वामी येऊन त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात, ते मरेपर्यंत गळ्यात राहतं. रोज अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची आणि नजरेसमोर धरून बसायचं. पूजा होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही, आणि पुढं दिवसभर जे खायचं ते आधी लिंगाला दाखवूनच खायचं. एवढं सगळं आता कोण पाळतं? मी तर नाही पाळत. चहा झाल्याशिवाय मला देव दिसत नाही. अक्कांनी मात्र तापात, बाळंतपणात, भाऊजी गेले त्या सकाळीसुद्धा पूजा चुकवली नव्हती.

मागच्या श्रावणात एका सोमवारी आम्ही बायका मठात पूजेला बसलो होतो. अक्कांच्या तळहातावरून लिंग घसरलं आणि ओच्यात पडलं. शेजारी मीच होते, म्हणून मलाच दिसलं. त्यांनी ते उचलून पुन्हा हातावर घेतलं, पण चेहरा पांढराफटक झाला होता. घरी येताना चढावर थांबल्या.

"कावेरी, आज लुगडं होतं म्हणून राहिलं. उद्या भुईवर पडलं तर मी पुन्हा हातात घेणार न्हाई. स्वामींच्या हवाली करीन."

"पडलं तर उचलायचं, अक्का. आजारी माणसाचा हात हाय."

"ज्याला धरता येत न्हाई त्यानं धरू न्हाई," त्या म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

माझी मुलगी शिवानी चीनमधून डॉक्टरकी शिकून आली. आली म्हणजे साथीच्या दिवसांत परतली ती इथंच राहिली, उरलेलं शिक्षण मोबाइलवर पुरं केलं. बाहेरून शिकलेल्यांना इथं एक परीक्षा द्यावी लागते, ती पास झाल्याशिवाय डॉक्टर म्हणत नाहीत. शिवानीनं ती तीनदा दिली आणि तीनदा राहिली. "पोरगी डॉक्टर झाली का?" असं विचारणाऱ्यांना मी आता "होईल" एवढंच सांगते. तिच्याकडं बघितलं की माझ्याच डोळ्यांवर झोप येते, इतकी ती दमलेली असते.

तीच रोज पहाटे गच्चीवर चीगोंग नावाची चिनी कवायत करायची. तिकडं होस्टेलच्या स्वयंपाकघरात एक म्हातारी होती, तिनं शिकवलेलं. गुडघे जरासे वाकवायचे, झाडाच्या बुंध्याला मिठी घातल्यासारखे हात समोर धरायचे आणि तसंच उभं राहायचं. मग श्वास घेत दोन्ही तळवे आभाळाकडं न्यायचे, सोडत खाली आणायचे. असे आठ प्रकार. शेवटी तळव्यावर तळवा ठेवून बेंबीखाली टेकवायचे आणि डोळे मिटून गप्प राहायचं. अंगातली शक्ती कुठं अडली असेल तर त्यानं मोकळी होते, असं तिकडच्या लोकांचं म्हणणं. मी म्हणायचे, "इतक्या सावकाश हात हलवले तर भाकरी दुपारी मिळंल."

त्या सोमवारनंतर दोन दिवसांनी अक्का गच्चीवर गेल्या.

"शिवानी, ह्यानं माझा हात थांबंल का?"

"थांबणार नाही, मोठी आई. खोटं कशाला सांगू? पण चालणं सुधारेल, झोप लागेल, मन शांत राहील. आणि गोळ्या चालूच ठेवायच्या."

"मग शिकीव."

पोरीनं "थांबणार नाही" म्हटलेलं अक्कांनी त्याच गच्चीवर सोडून दिलं. माणसाला हवं तेवढंच ऐकू येतं, त्यात त्यांचा काय दोष.

शिवानी म्हणाली होती, संध्याकाळी केलं तरी चालतं. पण संध्याकाळी दुकानात गर्दी. आणि काहीही शिकायचं ते अंघोळ करून, पूजेच्या आधी, कोऱ्या अंगानं शिकायचं, हे अक्कांनी स्वतःच ठरवलं. पाचला उठायचं, अंघोळ, मग गच्ची, मग पूजा. घरासमोरच्या पंक्चरच्या दुकानातला पाशा दुकान उघडता उघडता वर बघायचा.

"महारुद्रसेठ, अक्का दोन्ही हातानं आभाळ उचलायल्यात. काय मागायल्यात येवढं?"

"चीनचा माल हाय पाशा, गॅरंटी न्हाई," आमचे यजमान म्हणायचे, आणि दोघं हसायचे. मीही हसले आहे, आता कशाला लपवू?

पहिला महिनाभर मात्र हसणाऱ्यांची तोंडं बंद राहिली. अक्कांना झोप लागायला लागली. जिन्यावरून भिंतीला न धरता उतरल्या. एकदा हळदीची पुडीसुद्धा बांधली, जराशी वेडीवाकडी. त्या दिवशी शिवानी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. आपण शिकलेलं काहीतरी कुणाच्या तरी उपयोगी पडलं, असं तिला वाटलं असावं. मलाही वाटलं.

मग अक्कांनी वेळ वाढवली. वीस मिनिटांचा तास झाला. बाजारात सीताफळं यायला लागली तोवर दोन तास झाले. त्यानंतरची पूजाही लांबायला लागली, कारण हात पुन्हा हलायला लागला होता, आधीपेक्षा जास्त. लिंग तळहातावर ठरेना. ठेवायचं, हात हलला की उचलायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा ठेवायचं. पूजा उरकायला दहा वाजायचे. दुपारी हात बरा असायचा, पण सकाळी बघवत नव्हतं.

"कमी पडायलंय," अक्का म्हणायच्या. "आणखी केलं पायजे."

"पुरे करा आता. अंगाची दशा झाली," मी म्हणायचे.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

शिवानीनं पुस्तकं मिटून ठेवली. एका दुपारी मला म्हणाली, "आई, मीच काहीतरी चुकीचं शिकवलंय. मला परीक्षेत नापास करतात ते बरोबरच करतात." मी तिला रागं भरले. वाईट वाटलं की मला राग येतो, ही माझी जुनी खोड आहे.

मार्गशीर्षातली गोष्ट. सकाळचे पावणेदहा झाले होते. मी डाळ शिजायला टाकत होते आणि देवघरातून बारीकसा आवाज आला. सुपारी फरशीवर पडावी एवढाच. मी धावत गेले. अक्का पाटावर बसल्या होत्या, डावा हात तसाच पुढं धरलेला, रिकामा, आणि थडथडत होता. लिंग फरशीवर, समईच्या पायाशी.

"तू उचल," त्या म्हणाल्या.

मी उचललं. काळंभोर, आवळ्याएवढं, त्यांच्या हाताची ऊब अजून त्याला होती. मी पुढं केलं तर त्यांनी हात मागं घेतला.

"त्याच्या डबीत ठेव. महारुद्रला सांग, उद्या स्वामींना बोलीव म्हणून."

"अक्का, असं करू नका."

"मेल्यावर हातावर देतात न्हवं," त्या म्हणाल्या. आमच्यात माणसाला बसवून पुरतात आणि त्याचं लिंग त्याच्या तळहातावर देतात. "तवा द्या. तवा तरी हलायचा न्हाई."

मला रडू आवरेना, म्हणून मी त्यांच्यावर ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही. बोलता बोलता, हात थांबेना म्हणून त्यांच्या गोळ्यांची डबी उघडून बघितली. आठवड्याच्या गोळ्यांची डबी मीच भरते, रोज रात्री त्या दिवसाचे खण रिकामे दिसतात, म्हणून माझा जीव निवांत. आज सकाळच्या खणात गोळी तशीच होती.

"सकाळची गोळी अजून घेतली न्हाई?"

"पूजा झाल्याबिगर कशी घेऊ?"

"रोज अशीच घेता?"

"मग? पूजेच्या आधी तोंडात पाणी तरी घालते का मी?"

शिवानी दारात उभी होती. ती खालीच बसली, चौकटीला टेकून. आधी अक्कांची पूजा साडेसहाला उरकायची, लगेच गोळी व्हायची. चिनी कवायत पूजेच्या आधी आली, आणि सकाळची गोळी सरकत सरकत दहाला गेली. रात्रीपासून औषध नाही, पाण्याचा घोट नाही, आणि तो हात घेऊन ती बाई दोन तास आभाळ उचलत होती. हात हलतो म्हणून कवायत वाढवली, कवायत वाढली म्हणून गोळीला उशीर, उशीर झाला म्हणून हात आणखी हलला. घरात एक अर्धी डॉक्टर आणि गोळ्या भरणारी मी, दोघींपैकी एकीनंही विचारलं नव्हतं, अक्का, गोळी कधी घेता? आम्ही तिघी मिळून तीन महिने एका म्हाताऱ्या हाताचा छळ केला.

"चुकलं माझं, मोठी आई," शिवानी म्हणाली. "पहिल्या दिवशी हेच विचारायला पाहिजे होतं. उठल्या उठल्या गोळी घे. पाऊण तासानं हात शांत होईल, मग पूजा कर."

"पूजेच्या आधी?" अक्कांनी मान हलवली. "त्रेसष्ट वर्षांत केलं न्हाई."

त्या दिवशी अक्का दुकानात आल्या नाहीत. जेवल्या नाहीत. लिंग डबीत, आणि गळा मोकळा. मोकळ्या गळ्याच्या अक्का मी कधी पाहिल्या नव्हत्या, ओळखू येत नव्हत्या. दिवेलागणीला शिवानी त्यांच्यासमोर गोळी आणि पाणी घेऊन बसली. अक्कांनी गोळी उजव्या हातात घेतली.

"पोरी, ही गोळी अन्नातच धरायची का?"

"अन्नासारखीच, मोठी आई. तुझ्या अंगात जे बनायचं कमी झालंय, तेच ही भरून काढते."

"म्हंजी अन्नच." अक्का माझ्याकडं वळल्या. "कावेरी, मी दोन वर्षं झाली त्याला न दाखवता खायलेय गं. घास घास दाखविला. हीच दाखविली न्हाई. औषध हाय म्हणून सोडून दिलं."

मला वाटत होतं बिचारीला आणखी एक चूक सापडली. पण त्यांच्या आवाजात सकाळपासून पहिल्यांदा जीव आला होता.

"महारुद्रला म्हणावं, स्वामींना इतक्यात बोलवू नको. उद्या गोळी आधी त्याला दाखविते, मग परसाद म्हणून घेते."

दुसऱ्या दिवशी पाचलाच त्यांनी मला हाक मारली. अंघोळ झालेली, ओले केस पाठीवर. त्यांच्या सांगण्यावरून मी डबीतून लिंग काढून पाटासमोर वाटीत ठेवलं. अक्कांनी त्याच्यापुढं गोळी ठेवली, पाण्याचं भांडं ठेवलं, आणि नैवेद्याला थांबतात तसं थांबल्या. मग गोळी उचलून तोंडात टाकली. पाणी गिळताना त्यांनी डोळे घट्ट मिटले होते.

त्या दिवशी गच्ची नाही, आठ प्रकार नाहीत. पाटावरच बसून तळव्यावर तळवा ठेवला, बेंबीखाली टेकवला आणि सावकाश श्वास घेत राहिल्या. शिवानी मागं येऊन तशीच बसली. मला चहाची तलफ आली होती, पण उठवेना. बाहेर पाशानं दुकानाचं शटर वर केलं, तेव्हा अक्कांनी डावा हात पुढं केला.

"ठेव."

मी लिंग त्यांच्या तळहातावर ठेवलं. हात हलत होता, नाही असं नाही. पिठाची गिरणी लांब कुठं चालू असावी तेवढा. मी माझा हात त्यांच्या हाताखाली, न टेकवता धरून ठेवला, पडलंच तर असावा म्हणून. पडलं नाही. अक्का त्याच्याकडं बघत होत्या आणि त्यांचे डोळे वाहत होते. कितीतरी वेळानं, नजर न हलवता, हळूच म्हणाल्या,

"दमले गं मी, कावेरी."

"हो अक्का," मी म्हटलं आणि हात टेकवला.